अकरावा मणी

कंडक्टरांची ड्यूटी सुटली तरी कंडक्टरकी सुटायची नाही. घरात पाऊल टाकता टाकता ते म्हणायचे, दारातले आत व्हा. आणि दारात असायचं कोण, तर त्यांचीच दोन पोरं, बाबा आले म्हणून धावत आलेली. जेवायला बसताना ते डोकी मोजायचे. घरात माणसं ईनमीन चार, तरी मोजायचे. रविवारी मिस्साला निघताना मोजायचे आणि चर्चमधून बाहेर पडल्यावर पुन्हा मोजायचे, जणू मधल्या तासाभरात कुणी बिनतिकीट घुसलं असावं.

संध्याकाळी सातला रोझरी. त्यात खाडा नाही. कपाटावर मारियामातेचा पुतळा होता, निळा झगा शाबूत पण नाकाचा रंग उडालेला, आणि पुढे मेणबत्ती. जपमाळेचे पाच भाग असतात. प्रत्येक भागात एक मोठा मणी आणि दहा बारीक. मोठ्यावर 'आमच्या बापा', बारकांवर दहा वेळा 'नमो मारिया'. चर्चमध्ये या भागाला दशक म्हणत. कंडक्टर म्हणत टप्पा. पहिला टप्पा त्यांचा, दुसरा बायकोचा, तिसरा थोरल्या मुलीचा, चौथा धाकट्याचा आणि पाचवा परत त्यांचा, कारण शेवटच्या स्टॉपला कंडक्टर गाडीत नसेल तर कसं चालेल. ज्याचा टप्पा त्यानं नमो मारियाचा पहिला अर्धा भाग म्हणायचा, बाकीच्यांनी उरलेला अर्धा.

आवाज चार, आणि चारांच्या चार तऱ्हा. कंडक्टर एका दमात 'नमोमारियेकृपापूर्णे' असं म्हणायचे की मधे टाचणी शिरणार नाही. एकदा दोन पाळ्या करून दमून आले होते, तेव्हा 'स्त्रियांमध्ये तू धन्य' यानंतर त्याच सुरात 'पुढे सरका' निघून गेलं आणि पोरांनी तोंडात रुमाल कोंबले. बायको याच्या उलट. ती प्रत्येक शब्द इस्त्री करून, घडी घालून ठेवायची. 'आता... आणि आमच्या... मरणाच्या... वेळी...' ती वेळी म्हणेपर्यंत नवऱ्याचं पुढचं नमो मारिया निम्मं झालेलं असायचं. तू मागच्या स्टॉपवरच उभी आहेस, असं ते कुरकुरायचे. त्यावर ती शांतपणे म्हणायची, मला मरणाच्या वेळी पोचायचंय, मला कसली घाई. आणि पोचली मात्र ती सगळ्यांच्या आधी. एका आठवड्याचा ताप, आणि दुसरा टप्पा रिकामा झाला. त्या दिवसापासून तो थोरलीनं घेतला.

थोरलीला सगळे ताई म्हणत. तिचं आणि मोजण्याचं कधी वाकडं आलं नाही. ती शाळेच्या गणवेशांना काजं करायची, बटणं लावायची. एका सदऱ्याला सात, शंभर सदऱ्यांना सातशे, आणि सातशेएकावं काज तिच्या हातून कधी पडलं नाही. धाकटा म्हणजे या बाबतीत आनंदीआनंद. तो माळ कुठेतरी विसरायचा आणि बोटांच्या पेरांवर मोजायचा. त्याचा अंगठा कधी एक पेर गिळायचा, कधी एकाच पेरावर दोनदा बसायचा. मग नमो मारिया नऊ तरी व्हायचे, नाहीतर अकरा.

तेव्हा कंडक्टर काही बोलायचे नाहीत. डोळे मिटलेले, हात खुर्चीच्या लाकडी हातावर. डाव्या हातातली लग्नाची अंगठी त्या लाकडावर एकदाच आपटायची. टक. बसमध्ये एक बेल म्हणजे थांबा. धाकटा जागच्या जागी थांबायचा, कान लाल करून. नऊवर सोडून पुढे निघाला तरी टक, दहाच्या पुढे गेला तरी टक. न बघता कसं कळतं, असं त्यानं एकदा विचारलं होतं. कंडक्टर म्हणाले, भरलेल्या गाडीत कोण उतरायचा राहिलाय हे ज्याला कळत नाही, त्यानं चामड्याची पिशवी गळ्यात घालू नये. आणि वर एक नियम सांगितला, जो पोरांना पुढे जन्मभर पुरला: बेल मिळाल्याशिवाय गाडी थांबत नसते.

कंडक्टर निवृत्त झाले, धाकट्याचं लग्न झालं, तो शहराच्या दुसऱ्या टोकाला नव्या इमारतीत राहायला गेला. तिथं लिफ्ट होती आणि सातची वेळ म्हणजे त्याची ऑफिसातून निघायची वेळ होती. घरात बाप आणि लेक उरले. ताईनं लग्न केलं नव्हतं. का, ते विचारणारे आधी पुष्कळ होते, मग कमी झाले, मग विचारायचं वय उलटून गेलं.

एका सकाळी कंडक्टर दाढी करता करता आरशासमोरच खाली बसले. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. रुग्णालयात डॉक्टरांनी नाव विचारलं, लेकीकडे बोट दाखवून ही कोण विचारलं, पेन दाखवून हे काय विचारलं. चाळीस वर्षं जो माणूस अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असा बोलत आला, तो ओठ हलवत राहिला, आणि बाहेर आली ती नुसती हवा.

घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी सातला ताईनं मेणबत्ती लावली. दुसरं काय करायचं ते तिला सुचत नव्हतं. तिनं एकटीनंच सुरुवात केली. 'नमो मारिये, कृपापूर्णे' पासून 'तुझ्या उदराचे फळ येशू' पर्यंत आली आणि दम घ्यायला थांबली. मागून आवाज आला, जुना, खणखणीत, एकही अक्षर न चुकता:

"हे पवित्र मारिये, देवाच्या माते, आम्हां पाप्यांसाठी विनंती कर, आता आणि आमच्या मरणाच्या वेळी, आमेन."

ताईच्या हातून माळ पडली. तिनं वळून हाका मारल्या, बाबा, बाबा, पाणी हवं का, बोला ना. कंडक्टरांचे ओठ हलले आणि हवा आली. तिनं पुन्हा पहिला अर्धा म्हटला, त्यांनी पुन्हा दुसरा अर्धा दिला. असं पन्नास वेळा झालं. पहिला अर्धा मात्र त्यांना काही केल्या येईना, जो त्यांनी आयुष्यभर म्हटला होता. कुणीतरी सुरुवात करून द्यायची, मग ते शेवटपर्यंत नेणार.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं की याचा फार अर्थ लावू नका. पाठ झालेल्या गोष्टी मेंदूत वेगळ्या कप्प्यात असतात. बोलणं जातं, समज जाते, पण पाठांतर राहतं. धाकट्यानं ते फोनवर आणखी सोपं केलं. टेप आहे गं ती ताई, म्हणाला, बटण दाबलं की वाजते.

ताईला पहिल्यांदा ते पटलं नाही. ती त्यांच्याशी बोलायची. आज आकाशी सदरे आलेत, आज दोरा सारखा तुटतोय, तुमच्या बसचा रंग बदललाय म्हणे. कंडक्टर तिच्याकडे बघायचे, कधी भिंतीकडे बघायचे, आणि दोन्ही बघण्यात काही फरक दिसायचा नाही. माणूस उत्तराशिवाय किती दिवस बोलणार. वर्षभरानं तिचं बोलणं कमी झालं. दुसऱ्या वर्षी ती खुर्ची झाडताना त्यांनाही झाडल्यासारखं करायची: हात उचल, मान पूस, पाय ठेव. सातला मात्र बसायची. दिवसाकाठी तेवढाच काय तो बापाचा आवाज कानावर पडायचा, म्हणून बसायची.

खालच्या मजल्यावर नर्सबाई राहत. नोकरीतून निवृत्त झाल्या होत्या, पण अजून इंजेक्शन दिल्यासारखं बोलायच्या. आधी "काही दुखणार नाही हं," आणि लगेच सुई. एका दुपारी त्या दारात उभ्या होत्या. ताईनं त्या सकाळी तिसऱ्यांदा चादर बदलली होती. बापाला उचलताना तिच्या कमरेत असं काही लचकलं होतं की ती भिंतीला धरून उभी होती. नर्सबाई म्हणाल्या, काही मनाला लावून घेऊ नकोस हं, पण तू अशीच संपणार आहेस. आणि ताईच्या तोंडून निघून गेलं:

"देवानं आता उचलावं त्यांना. ते सुटतील आणि मीही सुटेन."

कंडक्टर तीन हातांवर खुर्चीत होते. ताईनं तिकडे बघितलंही नाही. कपाटापुढे बोलताना आपण कपाटाकडे बघतो का?

नर्सबाईंनी ते कमरेचं धाकट्याला कळवलं. तो वाईट मुलगा नव्हता. बहिणीची काळजी वाटली म्हणूनच तो हलला. चर्चच्या सिस्टर लोकांचं वृद्धांसाठी घर होतं, तिथं जाऊन आला, एक खाट कधी रिकामी होणार ते विचारून आला, फॉर्म घेऊन आला. सिस्टरांना सोमवारपर्यंत उत्तर हवं होतं. शनिवारी तो संध्याकाळी येऊन बसला, चहा न घेता. त्याचं सगळं बोलणं बरोबर होतं. तिथं उचलायला दोन माणसं असतात, डॉक्टर रोज येतो, प्रार्थनेला चॅपल आहे. बाबांना आपण कोण हेही कळत नाही, मग घर काय आणि ते काय. तुझी कंबर मोडली तर तुम्हां दोघांना कोण बघणार.

ताई म्हणाली, ते मला रोज उत्तर देतात.

"तुला नाही देत, ताई. टेप वाजते."

मनातून तीही आता तेच मानत होती. फक्त रिकामी खुर्ची आणि सात वाजलेले, हे दोन्ही एकदम डोळ्यांपुढे आलं की ती हातातलं काज अर्धवट टाकून उठायची. फॉर्मवर सही तिचीही लागणार होती. तिनं पेन हातात घेतलं, खाली ठेवलं, म्हणाली, सात वाजलेत, आधी रोझरी करू.

धाकटा कैक वर्षांनी त्या घरात गुडघ्यांवर बसला, आणि बसताना त्याचे गुडघे असे वाजले की मेणबत्तीची ज्योत हलल्यासारखी वाटली. माळ अर्थातच नव्हती. ती खाली गाडीत आरशाला लटकत होती. पहिले तीन टप्पे ताईनं घेतले. प्रत्येक वेळी बापाचा तो खणखणीत अर्धा आला, आणि प्रत्येक वेळी धाकटा थोडा दचकला. फोनवर ऐकणं वेगळं. तिसरा संपल्यावर ताई सवयीनं थांबली. चौथा टप्पा त्याचा होता. तो खाकरला आणि लहानपणच्या सुरात म्हणायला लागला, बोटांच्या पेरांवर अंगठा ठेवत.

त्याचं लक्ष मोजण्यात नव्हतंच. बापाच्या वाकड्या झालेल्या तोंडाकडे तो बघत होता. दहावं झालं, अंगठा त्याच पेरावर पुन्हा बसला आणि त्यानं अकरावं सुरू केलं: "नमो मारिये, कृपापू—"

टक.

आवाज बारीक होता. ताईला वाटलं, मेणबत्तीची काच तडकली. धाकट्याला मात्र तो कानात नव्हे, मानेवर ऐकू आला असावा, कारण त्याची मान आपोआप खाली गेली आणि कान लाल झाले, पन्नाशीला टेकलेल्या माणसाचे. कंडक्टरांचे डोळे मिटलेले होते. डावा हात खुर्चीच्या लाकडी हातावर होता. सैल झालेली अंगठी निसटू नये म्हणून ताईनं तिला दोरा गुंडाळला होता, तरी आवाज आला होता.

पाचवा टप्पा कंडक्टरांचा, म्हणजे आता ताईचा. पण धाकट्यानं हातानं तिला थांबवलं आणि तोही त्यानंच घेतला. या खेपेला तो नीट मोजत होता, ओठ चावून, परीक्षेला बसल्यासारखा. नऊ झाले. दहावं त्यानं मुद्दाम गाळलं आणि टप्पा संपल्यावर म्हणायचा 'पित्याला गौरव' सुरू केला.

टक.

"एक राहिला," धाकटा कुजबुजला. "ताई, ते मोजतायत. त्यांना कळतंय गं."

मग तो पालथ्या हातांनी डोळे पुसत हसत सुटला. त्यानं बापाच्या गुडघ्यावर डोकं टेकलं, फॉर्मचे दोन तुकडे केले, मग चार. म्हणाला, आता मी शनिवार-रविवार इथे येणार, उचलायला माणूस ठेवू, कंबर डॉक्टरांना दाखवू. बायकोला फोन लावून मोठ्यानं सांगायला लागला, अगं, बाबांना सगळं कळतं, सगळं, पहिल्यापासून.

ताई स्वयंपाकघरात गेली. नळ सोडला आणि भांडं त्याखाली धरलं. भांडं भरलं, वाहायला लागलं, तिला दिसलं नाही. तिला जे हवं होतं ते पदरात पडलं होतं. खुर्ची रिकामी होणार नव्हती. बाहेर भाऊ पुन्हा पुन्हा तेच म्हणत होता, पहिल्यापासून कळतं, सगळं. आकाशी सदरे कळले होते. तुटणारा दोरा कळला होता. मग ती दुपारही कळली होती, चादरी, भिंतीला धरलेला हात, नर्सबाई दारात, आणि लेकीचं ते वाक्य, तीन हातांवरून. त्या संध्याकाळीही सातला मेणबत्ती लागली होती आणि बापानं पन्नासच्या पन्नास वेळा आपला अर्धा भाग पुरा केला होता.

धाकटा गेल्यावर तिला बापाशी बोलता आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आठवडा गेला. ती आता त्यांना झाडल्यासारखं पुसत नव्हती. हात उचलायच्या आधी विचारायची, उचलू? पण डोळ्याला डोळा देत नव्हती. शेवटी एका संध्याकाळी तिसऱ्या टप्प्याच्या पाचव्या मण्यावर ती थांबली. प्रार्थनेच्या जागी ती म्हणाली:

"बाबा, त्या दुपारी मी जे बोलले, ते तुम्ही ऐकलंत. मी दमले होते. तरीपण बोलले ते बोललेच."

कंडक्टरांनी डोळे उघडले. ओठ हलले, हवा आली, पुन्हा हलले. त्यांच्याकडे जगात एकच वाक्य उरलं होतं, तेच त्यांनी दिलं, पण नेहमीच्या धडाक्यात नव्हे. एकेक शब्द घडी घालून, बायको म्हणायची तसं. "हे पवित्र मारिये... देवाच्या माते... आम्हां... पाप्यांसाठी..."

ही माफी होती की पाठांतर, हे ताईला त्या दिवशी कळलं नाही आणि पुढेही नाही. तुझ्यासाठी न म्हणता ते आम्हां म्हणाले, एवढं तिनं धरून ठेवलं. प्रार्थनेतच तसं आहे, हेही तिला ठाऊक होतं.

त्यानंतर जन्मात मोजणीत न चुकलेली ताई रोज चुकायला लागली. चौथ्या टप्प्याला, धाकट्याच्या टप्प्याला, ती दहावर थांबायची नाही. बोट मोठ्या मण्यावर पोचलेलं असताना ती अकरावं नमो मारिया सुरू करायची, आणि कान खुर्चीकडे लावायची. टक झालं की ही थांबायची. दिवसभरातलं तिचं सगळं विचारणं त्या एका टकमध्ये होतं: आहात ना? आहे. धाकटा शनिवारी यायचा तेव्हा त्याला वाटायचं, वय झालं, ताईही चुकायला लागली. तिनं त्याला सांगितलं नाही.

असे चौदा महिने गेले. अंगठीचा दोरा ताईनं चारदा बदलला, दर खेपेला एक वेढा जास्त. टकचा आवाज बारीक होत गेला, तसा तिचा कान आणखी तिखट झाला.

तो मंगळवार होता. मंगळवारच्या रोझरीत दुःखाची रहस्यं, म्हणजे येशूच्या यातनांचे प्रसंग, आठवायची. दुपारी कंडक्टरांनी दोन घास कमी खाल्ले होते, बाकी वेगळं काही नव्हतं. मशीनवर पांढरे सदरे पडले होते, निम्म्यांची काजं व्हायची होती. पहिले तीन टप्पे झाले. बापाचा आवाज आज पुटपुटल्यासारखा होता, पण येत होता. चौथ्याच्या सहाव्या-सातव्या मण्यापासून तो इतका खाली गेला की येतोय की आपल्याला वाटतोय, हे ताईला नीट कळेना. तिनं वळून बघितलं नाही. आठ. नऊ. दहा. बोट मोठ्या मण्यावर आलं.

तिनं अकरावं सुरू केलं.

हळू म्हटलं, बाबांना हात उचलायला वेळ मिळावा म्हणून. 'नमो मारिये' म्हणून थांबली. 'कृपापूर्णे' म्हणून थांबली. 'येशू' पर्यंत आली. खुर्चीतून आवाज आला नाही. रस्त्यावरून एक बस गेली, थांब्यावर थांबली, निघाली.

ताईनं बारावं म्हटलं. मग तेरावं. आता ती दोन्ही अर्धे म्हणत होती, पहिला तिचा आणि दुसरा त्यांचा. चौदाव्याला तिला कळलं होतं. मान वळवली की दिसणार होतं, हेही कळत होतं. मेणबत्ती सरळ जळत होती. नाकाचा रंग उडालेली मारियामाता समोरून दोघांकडेही बघत होती.

पंधरावं. सोळावं. बोट त्या मोठ्या मण्यावरच होतं, त्याखालून माळ सरकत नव्हती. बेल मिळाली नव्हती, आणि बेल मिळाल्याशिवाय गाडी थांबत नसते. ताई म्हणत राहिली, आईसारखं सावकाश, एकेक शब्द घडी घालून, आता, आणि आमच्या मरणाच्या वेळी.